कोळसा आणि खडकातली चाळणी

मुलांनो, बोअरच्या पाण्यात कधी कपडे धुतलेत? आपल्या लातूर-नांदेडकडच्या कित्येक गावांत साबण घासून हात दुखतात, पण फेस काही येत नाही. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो आणि डाळ तर शिजता शिजत नाही. घरात आपण याला जड पाणी म्हणतो, पुस्तकात दुष्फेन. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात.

आमच्या चौथीच्या मुलांनी चुलीतला कोळसा कुटून, धुऊन बाटलीत भरला. खाली कापूस. वरून शाईचे दोन थेंब टाकलेलं बोअरचं पाणी ओतलं. खाली आलं ते बरंच फिकट! पोरं खूश. "बाई, आता प्यावं का?"

"थांबा," मी म्हटलं, "आधी साबण लावून बघा."

फेस? नावालाही नाही!

कोळसा आतून भोकाभोकांचा असतो. खास प्रक्रिया केलेल्या एक ग्रॅम कोळशातल्या भिंती उलगडून पसरल्या, तर कबड्डीची चार मैदानं सहज झाकतील. रंगाचे, वासाचे कण या भिंतींना चिकटतात. विरघळलेलं कॅल्शियम मात्र बहुतेक सगळं निसटून खाली येतं.

त्याला धरतो झिओलाइट. हाही सच्छिद्रच, पण सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा बनलेला. कोळशाची भोकं लहानमोठी, याची मात्र एका मापाची. इतकी बारीक की मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागापेक्षाही लहान. आत सोडियम बसलेलं असतं. जड पाणी आलं की झिओलाइट सोडियम सोडतो आणि कॅल्शियम धरतो. अगदी धान्य देऊन भांडी घ्यावीत तसा व्यवहार! पुढं मिठाचं दाट पाणी सोडलं की हाच व्यवहार उलटा होतो आणि झिओलाइट पुन्हा कामाला तयार. फिल्टरमधला कोळसा भरला की घरी धुऊन भागत नाही, बदलावाच लागतो.

गंमत म्हणजे झिओलाइट आपल्या पायाखालीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढं हे स्फटिक वाढले. नाशिकजवळ सिन्नरला 'गारगोटी' संग्रहालयात ते बघायला मिळतात. 1756 साली स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी असा दगड तापवला, तर तो उकळल्यासारखा फसफसला! आतलं पाणी वाफ होऊन निघालं होतं. म्हणून ग्रीक शब्दांवरून नाव पडलं, उकळणारा दगड. पण विहिरीवरचा पांढरा खडा आणून माठात टाकू नका हं! तो साधी गारही असू शकतो. यंत्रात वापरतात तो झिओलाइट बहुधा कारखान्यात, हव्या त्या मापाच्या भोकांचा बनवलेला असतो.

2021 मध्ये करोनाच्या लाटेत दवाखान्यांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी यंत्रं बसली, त्यांत हाच होता. दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन तो धरून ठेवतो, ऑक्सिजन पुढं जातो. त्या मे महिन्यात तो परदेशातून विमानानं आणावा लागला होता.

आणि मुलांचं ते फिकट पाणी? ते मी पिऊ दिलं नाही. पोटात जाणारे जंतू कोळसाही मारत नाही आणि झिओलाइटही. त्यासाठी पाणी उकळावंच लागतं. बाटलीतलं पाणी शाळेच्या लिंबाला घातलं.