डिझेल इंजिनाने हवा घेतल्यास

पाण्याचा पंप चालविणाऱ्या शेतकऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. शोषनळीला केसाएवढी चीर पडली की पंप कितीही वेगाने फिरो, पाणी वर चढत नाही. नळीतून पाणी बाहेर गळत नसल्यामुळे ती चीर सहसा डोळ्यांस दिसत नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पंप कोरडाच फिरत राहतो. शेजारीच उभ्या असलेल्या डिझेल इंजिनाच्या बाबतीत मात्र हा अनुभव विसरला जातो. इंजिन सुरू झाले नाही, किंवा दहा मिनिटे चालून बंद पडले, की दोष नोझलचा, पंपाचा नाहीतर डिझेलमधील भेसळीचा असे ठरवून शेतकरी मोकळा होतो. वस्तुतः टाकीपासून नोझलपर्यंतच्या डिझेलच्या वाटेत हवा शिरली आहे काय, हे सर्वांत आधी पाहावयास हवे. त्यास पैसा लागत नाही. एक पाना आणि अर्धा तास पुरतो.

पनवेल तालुक्यात ह्या दोषाचा हंगाम जवळजवळ ठरलेला आहे. भात कापल्यावर जमिनीच्या ओलीवर पेरलेला वाल पाण्यासाठी अडून राहत नाही. परंतु गाढी नदीच्या काठी व विहिरींच्या आसपास काकडी, दुधी, वांगी करणाऱ्यांस पाण्यावाचून गत्यंतर नसते, आणि जेथे विजेची तार पोचलेली नाही तेथे डिझेल इंजिनावाचून पाणी नसते. हे इंजिन जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खोपटात पडून असते. कोकणचा पाऊस आणि खाडीवरून येणारी खारट, दमट हवा ह्यांनी पत्र्याची टाकी व लोखंडी नळी गंजून तीस टाचणीच्या अग्राएवढी भोके पडतात. रबरी नळी ताठर होऊन क्लिपेपाशी तडकते, आणि उरलेले काम उंदीर करतात. हे सर्व पुढे दृष्टीस पडते ते वेल फुलावर आला असता. त्या वेळी चार दिवस पाणी चुकले तर फुले व कोवळी फळे गळून जातात. इंजिनाचा पंप खोलून शहरातील कारखान्यात तपासणीस टाकला आणि तो निर्दोष म्हणून परत आला, तरी गेलेला तोडा परत येत नाही.

हवेचा बुडबुडा एवढा उपद्रव का करतो, हे थोडक्यात समजून घेणे इष्ट आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या सिलिंडरमधील हवा सोळा-सतरा पट दाबतो, त्यायोगे ती अतिशय तापते आणि नेमक्या क्षणी नोझलमधून फवारलेले डिझेल तीत आपोआप पेट घेते. लहान इंजिनाच्या नोझलची सुई उघडण्यास दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम इतका दाब लागतो. आता फवाऱ्यातील डिझेल किती असते ते पाहा. ५ अश्वशक्तीचे, मिनिटास १,५०० फेरे घेणारे इंजिन पूर्ण भाराखाली ताशी साधारण एक लिटर डिझेल जाळते. दर दोन फेऱ्यांस एक फवारा, म्हणजे ताशी ४५,००० फवारे. एका लिटरचे ४५,००० भाग केले की प्रत्येक वाट्यास लहानसा थेंबच येतो. ह्या थेंबाच्या जागी हवेचा बुडबुडा आला, तर पंपाचा दांडा आपली सारी चाल बुडबुडा दाबण्यात खर्च करतो. डिझेल दाबाने आकसत नाही म्हटले तरी चालेल. हवा स्पंजासारखी आकसते व पुन्हा फुगते. सुई उघडतच नाही, आणि इंजिन निर्दोष असूनही उपाशी राहते.

पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ह्या कंपनीची इंजिने महाराष्ट्राच्या शेतीत घरोघर पोचली. राजकोटकडची लिस्टर धर्तीची संथ इंजिनेही पुष्कळ आहेत. फवारापंप व नोझल हे भाग देशात तयार होऊ लागले ते बंगळूर येथे १९५१ मध्ये सुरू झालेल्या मायको कंपनीमुळे. तिचे नाव २००८ मध्ये बदलून बॉश झाले, तरी जुने कारागीर अजूनही मायकोचाच पंप मागतात. इंजिन कोणत्याही घराण्याचे असो, डिझेलच्या वाटेची मांडणी मात्र पुढील दोहोंपैकी एक असते, आणि दोष शोधण्याची सारी किल्ली ह्याच भेदात आहे.

पहिल्या मांडणीत टाकी इंजिनाच्या वर असते व डिझेल आपल्या वजनाने खाली उतरते. येथे सांधा ढिला असेल तर डिझेल बाहेर ठिबकते, म्हणून गळती सापडते. हवा शिरते ती टाकी पार कोरडी होऊ दिल्यास, फिल्टर बदलल्यास, किंवा रात्री कॉक बंद केल्यावर ढिल्या सांध्यातून नळी रिती झाल्यास. आणखी एक प्रकार हमखास आढळतो. जुनी टाकी फुटली म्हणून शेतकरी इंजिनापाशी जमिनीवर कॅन ठेवून त्यात नळी सोडतो. त्या क्षणापासून उतरती वाट शोषणाची वाट होते, आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार असलेले सांधे हवा घेऊ लागतात. कॅन फळीवर उंच ठेवला की तक्रार जाते.

दुसऱ्या मांडणीत टाकी खाली असते आणि चढावपंप डिझेल ओढून घेतो. ट्रॅक्टर व भाजी बाजारात नेणाऱ्या जुन्या डिझेल गाड्या बहुतेक ह्या वर्गातील. टाकीपासून चढावपंपापर्यंतची नळी शोषणाखाली असल्यामुळे तीतील फट गळत नाही. ती हवा पिते. कोरडी दिसणारी नळीच येथे संशयास्पद मानावी. चढावपंपाच्या पुढील सांधे दाबाखाली असतात व ते ओले दिसतात. फिल्टर तुंबला असल्यास ओढ वाढते आणि किरकोळ फटही मोठी ठरते, म्हणून फिल्टरची तपासणी कधीही टाळू नये.

हवेचाच दोष आहे हे ओळखावे कसे? हँडल मारताना धुराड्याकडे लक्ष ठेवावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचत आहे पण जळत नाही. दोष दुसरीकडे शोधावा. काळा धूर हे बहुधा हवेचा फिल्टर तुंबल्याचे किंवा नोझल बिघडल्याचे चिन्ह होय. मुळीच धूर नसेल तर डिझेल पोचतच नाही. हवा घेतलेले इंजिन पुष्कळदा सकाळी नळीतील डिझेलवर सुरू होते, मग चढउतार करीत धापा टाकते व भार पडताच थांबते. टाकीच्या झाकणावरील श्वासाचे छिद्र बुजले तरी हीच लक्षणे दिसतात. झाकण सैल करताच फुस्स असा आवाज होऊन इंजिन सुधारले, तर छिद्र तारेने मोकळे करावे आणि पुढील खटाटोप वाचवावा.

फट नेमकी कोठे आहे, हे शोधण्याची खात्रीची रीत म्हणजे टाकीस वगळणे. स्वच्छ डिझेलचा लहान डबा इंजिनाहून उंच टांगून त्याची नळी प्रथम थेट फवारापंपाच्या तोंडास जोडावी व आतील हवा काढावी. इंजिन नीट चालले तर पंप व नोझल निर्दोष आहेत. मग डब्याची नळी एकेक टप्पा मागे, फिल्टरपूर्वी, नंतर चढावपंपापूर्वी जोडीत जावे. ज्या टप्प्यानंतर दोष पुन्हा उमटेल त्याच टप्प्यात फट आहे. फवारापंपाच्या आधी वीतभर पारदर्शक प्लॅस्टिक नळी तात्पुरती बसविली तर बुडबुडे प्रत्यक्ष दिसतात. शोध घेताना तांब्याचे वायसर, फिल्टरच्या भांड्याखालील रबरी कडे, पाणी काढण्याचा स्क्रू, परतीच्या बारीक नळ्या आणि क्लिपेखालची रबरी नळी ही ठिकाणे आधी पाहावीत. दबलेला तांब्याचा वायसर लाल होईतो तापवून पाण्यात बुडविला की मऊ होऊन पुन्हा एकदा उपयोगी पडतो, तथापि नवा वायसर स्वस्त असतो. आट्यांवर प्लॅस्टिकची फीत गुंडाळण्याची हल्ली पडलेली सवय वाईट. तिचे तंतू सुटून नोझलमध्ये अडकतात. टाकीच्या भोकावर अंगाचा साबण चोळणे हा त्या दिवसापुरता उपाय आहे, त्याला दुरुस्ती समजू नये.

फट बंद केल्यावर हवा काढावी, आणि ती टाकीकडून नोझलकडे अशा क्रमानेच. टाकी भरून कॉक उघडावा व फिल्टरवरील स्क्रू दोन फेरे सैल करावा. प्रथम फेसाळ डिझेल येईल. अखंड धार लागली की ती वाहत असतानाच स्क्रू आवळावा. थांबून आवळल्यास हवा परत आत जाते, आणि बहुतेक जण येथेच फसतात. हेच फवारापंपाच्या स्क्रूवर करावे. चढावपंपाचा हातखटका असल्यास तो हाताला कडक लागेपर्यंत दाबावा. शेवटी नोझलजवळचा नट एक फेरा ढिला करून, दाब सोडण्याचा खटका उचलून, हँडल सावकाश फिरवावे. बुडबुड्यांवाचून डिझेल उसळू लागले की नट आवळावा. ह्यानंतर हँडल फिरविताना नोझलमधून कट-कट असा कोरडा आवाज येतो. तो ऐकू आला की खटका सोडण्यास हरकत नाही. इंजिन लवकर पेटावे म्हणून पेट्रोलने भिजविलेली चिंधी हवेच्या तोंडाशी धरण्याचा प्रकार मात्र ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी दिसताक्षणी बंद करावा. त्याने दट्ट्या फुटतो व हातही भाजतो.

नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. तो कातडीत सुईसारखा शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, परंतु आत गेलेले डिझेल मांस कुजविते. असे झाल्यास घरगुती मलम न लावता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे व डिझेलचा फवारा शिरल्याचे स्पष्ट सांगावे. वरील रीत साध्या, जुन्या इंजिनांपुरतीच आहे. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत नळीतील दाब १,००० किलोग्रॅमच्याही वर जातो. त्यांचे नट घरी सैल करण्याच्या भरीस पडू नये.

मे अखेरीस इंजिन झाकून ठेवताना टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे दमट हवेस आत जागा उरत नाही. तडकलेली रबरी नळी त्याच वेळी बदलावी. नोव्हेंबरात पहिले हँडल मारण्याआधी टाकीच्या तळाचे पाणी व गाळ भांड्यात काढून टाकावा आणि हवा एकदा काढून घ्यावी.