पहिल्या शिफ्टची गाडी

पहाटेचे साडेपाच. थेरगावच्या डांगे चौकात चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघत तीसेक माणसं उभी आहेत. शर्ट सगळ्यांचा राखाडी, गळ्यातल्या कार्डाची पट्टी मात्र वेगळी. पर्मनंटची निळी, कॉन्ट्रॅक्टवाल्यांची पिवळी, ट्रेनींची हिरवी. पट्ट्या नसत्या तरी चाललं असतं. निळे टपरीच्या बाकावर बसलेत, पिवळे दुभाजकाला टेकलेत, हिरवी पोरं मोबाइलमध्ये मान घालून थोडी लांब.

त्यातलं एक पोरगं नवीन आहे, उदगीरकडचं. पिवळ्या पट्टीचा एक जाडसर गडी त्याला जवळ बोलावतो.

"काल किती पीस काढले रे?"

"साडेतीनशे." आवाजात कौतुक लपत नाही.

"आणि टार्गेट?"

"तीनशे."

"म्हणजे पुढच्या महिन्यात टार्गेट साडेतीनशे. तुझं ट्रेनिंग संपलं की तू जाशील गावाला. मशीनवर आम्ही राहणार ना!"

पोरगं चहाच्या ग्लासात बघतं. चहाचे पैसे त्या गड्यानंच दिलेत.

बाकावरचे मामा पेपरमधून मान न काढता म्हणतात, "अगदी तीनशेवर पण थांबू नको. सुपरवायझरलाही वर काहीतरी दाखवावं लागतं."

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये संशोधकांनी १४ कामगारांची एक खोली महिनोन्‌महिने न्याहाळली होती. जास्त काम, जास्त पैसे, अशी तिथली योजना. तरी दिवसाचं काम किती करायचं हे कामगारांनी आपसात ठरवून टाकलेलं. फार भराभर हात चालवणाऱ्याच्या दंडावर बुक्की बसे. इथं बुक्कीऐवजी कटिंग मिळतो, एवढी सुधारणा. याला कामचुकारपणा म्हणणाऱ्या साहेबांनी एकदा या टपरीवर यावं. हिशेब इतका चोख आहे की त्यांच्या एक्सेलनं लाजावं.

बस येते. आधी निळे चढतात, मग पिवळे. रांग कुणी लावलेली नाही. ड्रायव्हरच्या मागं पाटी आहे: 'कोणतीही सीट राखीव नाही.' नवं पोरगं ती वाचतं आणि पुढच्या रिकाम्या खिडकीशी बसतं.

ड्रायव्हर आरशातून बघतो. "भाऊ, मागं जा. ती भरलीय."

"रिकामी तर आहे."

"चाफेकर चौकात भरते."

कुणी हसत नाही. मामा पाय आखडून वाट देतात. पोरगं डबा उचलून मागं निघतं. गाडी सुरू झालीय. शेवटची खिडकी माझ्यासमोरून सरकते तेव्हा तो जाडसर गडी अंग चोरून जागा करतोय.

"बस इथं. आज तीनशे दहा काढ. वरचे दहा तुझ्या हौसेचे."