कायमचा मुक्काम

सप्टेंबर 2025 मध्ये रिफॉर्म यूके पक्षाचे नेते नायजेल फराज यांनी जाहीर केले, की सत्ता आली तर ब्रिटनमधला कायम वास्तव्याचा परवाना बंद करू. ज्यांना तो मिळाला आहे त्यांनीही दर पाच वर्षांनी व्हिसा मागायचा. मी 1970 पासून भारतीय पासपोर्टवर लंडनमध्ये राहते. पंचाहत्तरी उलटल्यावर हे ऐकावे लागले, ते जिव्हारी लागले.

सत्तरचे दशक नोकरी आणि मुलांचे डबे यांतच सरले. 1 जानेवारी 1973 ला नवा कायदा लागू झाला आणि आधीपासून स्थायिक असलेल्यांच्या मुक्कामाला मुदत उरली नाही. तसा वेगळा कागद मात्र बहुतेकांच्या हाती पडला नाही.

खरा कस लागला तो ऐंशीच्या दशकात. 1973 पूर्वी स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातल्या लोकांना नुसती नोंदणी करून हक्काने ब्रिटिश होता येत होते, पण 1987 अखेरपर्यंतच. त्या वर्षी वेम्ब्लीतल्या आमच्या मराठी घरांत सत्यनारायण असो की डोहाळजेवण, विषय एकच. फॉर्म भरला का? "वहिनी, भावनेवर पोट भरत नाही," असे तोंडावर सुनावणारेही होते. त्यांना तेव्हा सांगितले तेच आज सांगते: भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ब्रिटिश झाले असते तर माहेरी जायला मला व्हिसा काढावा लागला असता. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड आले ते 2005 नंतर, आणि त्यावर आजही भारतात ना मत देता येते, ना शेतजमीन विकत घेता येते. राजापूरकडची आमची कलमांची बाग आम्हाला वाढवायची होती.

आणि इथे आमचे काय अडत होते? राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मताचा हक्क होता. जून 1987 मध्ये ब्रेंट साउथमधून पॉल बोटेंग संसदेत गेले. त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने मारलेल्या फुल्यांत एक माझी होती. तरीही 1990 मध्ये हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट यांना आमची निष्ठा क्रिकेटच्या मैदानावर, आम्ही कोणत्या संघाच्या बाजूने ओरडतो यावरून, तपासावीशी वाटली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुढची वर्षे बेताची. मग 2014 आणि 2016 च्या कायद्यांमुळे घरमालक आणि बँकाही कागद तपासू लागल्या. 2018 मध्ये विंडरशचे प्रकरण बाहेर आले. हयात इथे घालवलेल्या कॅरिबियन लोकांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर काढले गेले. त्यांच्या कामी आली असती अशी जुनी लँडिंग कार्डे गृहखात्याने 2010 मध्येच नष्ट केली होती. तेव्हापासून माझे जुने-नवे पासपोर्ट रबरबँडने एकत्र बांधून ठेवले आहेत. 1970 चा शिक्का पुसट झाला आहे, भिंग धरले की तारीख लागते. एकदा दिलेला शब्द सरकार मोडणार नाही, हा आमचा विश्वास गेला. तो इथे नव्याने आलेल्या मुलांना मी कुठून देऊ?

पुढची सार्वत्रिक निवडणूक 2029 पर्यंत व्हायची आहे. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या प्रौढ माणसाला तिथे मत देता येते. मतदारयादीत आपले नाव आहे का, ते आजच पाहा.