आधी पसंती, मग जागा

बारावीनंतरच्या प्रवेशाबद्दल बोलताना ‘कुठली ऑफर घ्यायची’ हा अलीकडे रूढ झालेला प्रश्न परदेशी विद्यापीठांच्या बाबतीत ठीक असला, तरी इंदूरमधल्या बहुतेक घरांत तो त्या रूपात उभाच राहत नाही. कारण अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेशाच्या केंद्रीय प्रक्रियेत चार-पाच संस्थांची पत्रे टेबलावर मांडून त्यांतले एक उचलण्याची सोय नसते. पसंती आधी कळवावी लागते आणि जागा मागाहून मिळते. मध्य प्रदेशात ज्याला सरसकट ‘काउन्सलिंग’ आणि महाराष्ट्रात ‘कॅप राउंड’ म्हणतात (नावात समुपदेशन असले, तरी प्रक्रियेत ते फारसे आढळत नाही), त्याचा गाभा म्हणजे विद्यार्थ्याने संगणकावर भरलेला पसंतिक्रम होय.

अशी यादी भरण्याइतके पर्याय या शहरात पूर्वी नव्हते. होळकर महाविद्यालय १८९१ मध्ये सुरू झाले असले, तरी शहराला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९६४ साल उजाडावे लागले. आज ते देवी अहिल्या विश्वविद्यालय म्हणून ओळखले जाते. १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘एसजीएसआयटीएस’मुळे अभियांत्रिकीची सोय झाली, १९९६ मध्ये आयआयएम आले, २००९ मध्ये आयआयटी आली, आणि २०११ पासून आयआयएमने बारावीनंतर थेट प्रवेश देणारा पाच वर्षांचा व्यवस्थापन अभ्यासक्रमही सुरू केला. पुण्याला मामाकडे राहून शिकण्याचा जुना मराठी मार्ग त्यामुळे बंद झाला नाही, पण तो अनेकांतला एक झाला.

आयआयटी, एनआयटी आणि तत्सम केंद्रीय संस्थांचे प्रवेश २०१५ पासून ‘जोसा’ नावाच्या संयुक्त प्राधिकरणामार्फत एकत्र होतात. त्याआधी एकच विद्यार्थी दोन्हीकडे जागा अडवून बसे आणि शेवटी एक जागा वाया जाई. आताच्या वाटपामागे डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेली पद्धत आहे. कॉलेजप्रवेश आणि विवाह जुळवणे या दोन गोष्टींचा त्यांनी एकाच निबंधात विचार केला होता, हे स्थळे पाहण्याची सवय असलेल्या समाजाला फारसे नवलाचे वाटू नये. या पद्धतीचे मर्म असे, की संगणक विद्यार्थ्याची यादी वरून खाली वाचत जातो आणि त्याच्या गुणानुक्रमाला मिळू शकणारी पहिली जागा त्याला देतो. वरची अशक्य जागा मागितली म्हणून खालच्या जागेवरचा त्याचा हक्क कमी होत नाही.

नेमकी इथेच घराघरांत चूक होते. मागील वर्षी एखाद्या शाखेत शेवटच्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला तो क्रमांक, म्हणजे ‘क्लोजिंग रँक’, पाहून पालक ‘हमखास मिळणारी’ जागा वर आणि मनातली जागा खाली लिहायला लावतात. समजा, एखाद्या मुलीला इंदूरच्या आयआयटीत सिव्हिल आणि भोपाळच्या ‘मॅनिट’ या एनआयटीमध्ये कॉम्प्युटर सायन्स या दोन्ही जागा मिळण्याजोग्या आहेत. तिने सिव्हिल वर लिहिले, तर कॉम्प्युटरची जागा तिला दाखवलीही जाणार नाही. आयआयटीचा शिक्का मोठा की शाखेची आवड मोठी, हा वाद जागा मिळाल्यावर नव्हे, तर यादी ‘लॉक’ होण्याआधीच मिटवावा लागतो. तत्पूर्वी नमुना वाटप जाहीर होते, ते अशा वेळी उपयोगी पडते.

जागा मिळाल्यावर तीन शब्दांचा अर्थ कळणे आवश्यक ठरते. ‘फ्रीझ’ म्हणजे मिळाले ते पक्के. ‘फ्लोट’ म्हणजे मिळालेले स्वीकारून यादीतील वरच्या कोणत्याही जागेची वाट पाहणे. आणि ‘स्लाइड’ म्हणजे संस्था तीच ठेवून तिथल्याच वरच्या पसंतीच्या शाखेची वाट पाहणे. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही म्हण ‘फ्लोट’ला लागू पडत नाही, कारण वरचे मिळेपर्यंत हातचे सुटत नाही, मात्र वरचे मिळाले की खालचे आपोआप जाते आणि ते मागून परत मिळत नाही, म्हणून नको असलेली जागा यादीत वर ठेवणे महागात पडते.

इंदूरच्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक पेच आहे. एनआयटीतील निम्म्या जागा ती ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या विद्यार्थ्यांना असतात आणि राज्य ठरते ते बारावी जिथून उत्तीर्ण झाली त्यावरून; त्यामुळे बारावी राजस्थानातील कोटाहून दिली, तर ‘मॅनिट’मधला मध्य प्रदेशाचा वाटा हातून जातो, आणि नागपुरात आत्याकडे राहून दिली, तर तिथल्या ‘व्हीएनआयटी’त महाराष्ट्राचा वाटा मिळतो. महाराष्ट्राच्या ‘कॅप राउंड’मधील राज्य कोट्यात मात्र अधिवास, जन्म आणि शिक्षणाचे ठिकाण पाहिले जाते, मातृभाषा नव्हे. मराठी मातृभाषेच्या आधारे सवलत आहे ती कर्नाटक सीमेवरील वादग्रस्त भागातील विद्यार्थ्यांना, माळव्यातील मराठी माणसांना नाही. हे सारे अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी माहीत असावे लागते, आणि बहुधा तेव्हाच ते कोणी सांगत नाही.

पसंतिक्रम भरताना पासवर्ड बापाकडे आणि माउस काकाकडे, हे दृश्य अपवादात्मक नाही. त्यापेक्षा मुलाने आणि पालकांनी आपापली दहा ओळींची यादी वेगवेगळी लिहून शेजारी ठेवली, तर वाद कोणत्या ओळीवर आहे ते दिसते. बरेचदा तो शाखेचा नसून वसतिगृहाचा, शुल्काचा किंवा घरच्या डब्याचा निघतो. शुल्काबद्दल बोलताना पहिल्या सत्राचा आकडा न पाहता वसतिगृह, खानावळ आणि येण्याजाण्यासह चार वर्षांचा हिशेब मांडणे श्रेयस्कर असते, आणि पालकांचा अधिकार खरा तिथेच आहे.

खऱ्या अर्थाने हाती ‘ऑफर’ येते ती खासगी विद्यापीठांकडून, आणि ती बहुधा केंद्रीय फेऱ्यांच्या आधी शुल्क मागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास ५ टक्के, तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये कापून बाकी शुल्क परत करावे लागते, अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटल्यावर काहीच परत मिळत नाही, आणि मूळ गुणपत्रिका व दाखले ठेवून घेण्यास संस्थांना मनाई आहे; पुढे काही वर्षी याहून सवलतीची परिपत्रकेही निघाली. पैसे भरण्याआधी त्या वर्षीचे परिपत्रक आणि संस्थेने जाहीर केलेली अंतिम तारीख, दोन्ही छापून पावतीसोबत एकाच फाइलमध्ये ठेवावीत.