प्लॅनेरिया, आवाज आणि न मोजलेलं तापमान

प्लॅनेरिया या चपट्या कृमीचं डोकं कापलं, तर साधारण आठवड्याभरात नवं उगवतं, डोळ्यांसकट. हे काम निओब्लास्ट नावाच्या मूळपेशींचं. मग २० किलोहर्ट्झच्या वरचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज दिला तर हा वेग बदलेल का? प्रश्न सोपा वाटतो ना? मलाही वाटला होता.

पहिल्याच खेपेला आवाज दिलेल्या कृमींमध्ये डोळ्यांचे ठिपके एक दिवस आधी दिसले. मी खूश! गाईडनी एवढंच विचारलं, "पाण्याचं तापमान किती होतं?" मोजलंच नव्हतं. अल्ट्रासाउंडची ऊर्जा शोषली गेली की तिची उष्णता होते, आणि पाणी थोडं कोमट असलं तर पुनर्जनन तसंही लवकर होतं. (तीव्रता फार वाढवली तर पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात आणि पेशींना इजा होते, ते वेगळंच.)

म्हणून आता तीन गट: आवाज दिलेला, यंत्र लावलेलं पण बंद ठेवलेला, आणि आवाजाशिवाय तेवढंच पाणी गरम केलेला. प्रस्ताव लिहिताना हा तिसरा गट विसरू नका. डिशवर फक्त क्रमांक आहेत. ठिपके मोजणाऱ्या मैत्रिणीला कुठली डिश कुठल्या गटाची, ते माहीत नाही.

परवा पुन्हा डोकी कापली. नुसत्या गरम पाण्यातल्यांचे डोळेही तितक्याच लवकर आले, तर माझा 'आवाज' गेलाच म्हणायचा!