गळती नववीतच का वाढते?

दिवाळी सरते, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि बीड जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांचे वरचे वर्ग विरळ होत जातात. मग एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘शाळा फुकट, पुस्तकं फुकट, वर खिचडी, तरी पोरं शिकत नाहीत. आईबापांनाच शिक्षणाची किंमत नाही.’ सरकारी कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, अगदी शिक्षकांच्या खोलीतही हे ठासून बोललं जातं. ते खोटं आहे.

आधी त्या ‘फुकट’चं पाहू. शिक्षण हक्क कायद्याची हमी ६ ते १४ वयापुरती, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. शालेय पोषण आहार आठवीत थांबतो, समग्र शिक्षातून मिळणारी मोफत पाठ्यपुस्तकंही तिथंच थांबतात. गावातली जिल्हा परिषदेची शाळा बहुधा त्याआधीच संपलेली असते आणि हायस्कूल दुसऱ्या गावात. आता केंद्राच्या यूडायस प्लसचे २०२१-२२चे आकडे बघा : देशात प्राथमिक स्तरावर गळती १.५ टक्के, उच्च प्राथमिकला ३ आणि नववी-दहावीला १२.६. ज्या आईबापांना आठवीपर्यंत शिक्षणाची किंमत कळत होती, त्यांना नववीच्या जूनमध्ये ती एकाएकी कळेनाशी होते का?

आईबापांना हे कुणी विचारलंच नाही, असंही नाही. १९९९च्या ‘प्रोब’ अहवालासाठी बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान अशा मागास समजल्या जाणाऱ्या राज्यांतल्या खेड्यांत पालकांशी बोलणं झालं. मुलानं शिकणं महत्त्वाचं, असं ९८ टक्के पालक म्हणाले. मुलीबाबत ८९ टक्के.

मग अडतं कुठं? ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर जमवणारा मुकादम हंगामाआधी कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती ऊस तोडून फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघालेलं कुटुंब मार्च-एप्रिलात परततं, म्हणजे शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ सगळं फडात जातं. आई अंधारातच भाकऱ्या थापून ऊस तोडायला जाते. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकटं भावंड सांभाळायला आणि पाणी भरायला चौदा वर्षांची मुलगी असते, तिचा भाऊ मोळ्या बांधतो आणि वाहतो. हे चार हात काढले तर दिवसाचा ऊस कमी भरतो आणि उचल अंगावर राहते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीतही शाळा सुटण्याचं मोठं कारण मुलांसाठी कमाई आणि मुलींसाठी घरकाम असंच निघालं.

पैशाइतकाच समाजाचा रेटा असतो. आजी-आजोबा धडधाकट असतील तर मुलगा गावी राहतो. वयात आलेली मुलगी मागे ठेवायला घर धजत नाही आणि कोपीवर एकटी सोडायलाही. मग लग्न उरकलं जातं आणि एक नवा कोयता तयार होतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के होत्या, बीडमध्ये ४३.७. एखाद्या बापानं मुलीला थांबवायचं ठरवलं, तरी ‘अजून किती दिवस?’ हे भावकी विचारत राहतेच.

समाजाचा रेटा उलट दिशेनंही लागतो. हिमाचल प्रदेश डोंगराळ आणि एके काळी शिक्षणात मागे होता. तिथल्या झेपेची कारणं शोधताना ‘प्रोब’नं सरकारी प्रयत्नांइतकंच बोट ठेवलं ते गावांतल्या तुलनेनं कमी विषमतेवर आणि बायकांच्या घराबाहेरच्या कामावर.

काही किरकोळ गैरसमजही निस्तरायला हवेत. ‘गळती मुलींचीच जास्त’ : २०२१-२२मध्ये नववी-दहावीला देशात मुलांचीच किंचित जास्त होती. ‘हंगामी वसतिगृहं आहेत की’ : आहेत, पण टोळी निघण्याआधी सुरू झाली तरच उपयोगाची. ‘हुशार पोर कसंही शिकतं’ : आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलांसाठी केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती आहे, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. तिची परीक्षा आठवीत असते आणि महाराष्ट्रात ती बहुधा डिसेंबरात होते. तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात असलेलं पोर परीक्षेला बसणार कसं? निदान ही तारीख दसऱ्याआधी आणायला फारसा खर्च येणार नाही.