गरम पाण्याच्या आंघोळी आणि कपाटातले झाड

गेल्या पावसाळ्यात एक बाई आपल्या एकवीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे.) मुलगा मोठ्या शहरात इंजिनिअरिंगला, सुट्टीत घरी आलेला. तक्रार एकच : उलट्या. सकाळी उठल्यापासून मळमळ, बेंबीच्या वर दुखणे आणि दिवसातून पंधरा-वीस उलट्या. तीन-चार दिवसांनी आपोआप थांबायचे आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा सुरू व्हायचे.

मी 'पित्त' म्हटले. मेसचे जेवण, जागरण, परीक्षा, सगळे जुळत होते. आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, उलटीचे इंजेक्शन दिले, दोन सलाईन लावल्या. फरक शून्य. जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफी झाली, दुर्बिणीने जठराची तपासणी झाली. सगळे नॉर्मल. तिसऱ्या खेपेला त्याची आई वैतागून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, औषधाचे राहू द्या. याला दिवसातून सहा-सहा वेळा कढत पाण्याने आंघोळ लागते, त्याचे काहीतरी बघा. गिझर बंद म्हणून होत नाही. पाठ लाल होते तरी बाहेर येत नाही."

हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. पण उलटीच्या रोग्याला 'आंघोळ किती वेळा करतोस' असे कोण विचारतो?

आईला बाहेर बसवले. मुलाला म्हटले, "गांजा किती वर्षे ओढतोस?" तो दचकला. थोड्या वेळाने खाली बघत म्हणाला, "तीन वर्षे, काका. रोज."

या आजाराचे वर्णन पहिल्यांदा २००४ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी केले. त्यांच्याकडे वारंवार उलट्यांचे काही रुग्ण येत. सगळे दीर्घकाळ गांजा ओढणारे, आणि बहुतेकांना एकच विचित्र सवय : गरम पाण्याखाली तासन् तास उभे राहणे. आपल्याकडे हा आजार अजून अनेक डॉक्टरांच्या डोक्यात पटकन येत नाही. माझ्याही आला नाही, हे वर लिहिलेच आहे.

गंमत अशी, की गांजातले मुख्य द्रव्य मळमळ थांबवणारे आहे. त्याला टीएचसी म्हणतात. इस्रायलमध्ये मेकूलम आणि गाओनी यांनी ते १९६४ साली शुद्ध रूपात वेगळे केले. कॅन्सरच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांसाठी त्याची गोळी अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहे. मग त्यानेच उलट्या कशा? आपल्या शरीरात त्याच्याशी मिळतीजुळती द्रव्ये मुळातच असतात. त्यातले एक १९९२ मध्ये सापडले, तेव्हा शास्त्रज्ञांनी आपल्या 'आनंद' शब्दावरून त्याचे नाव 'आनंदमाइड' ठेवले. भूक, मळमळ, आतड्याची हालचाल, झोप यांवर या यंत्रणेचा ताबा असतो. बाहेरून रोज वर्षानुवर्षे मारा होत राहिला की काहींच्या बाबतीत ही यंत्रणा बिघडते आणि परिणाम उलटा होतो. कातडीवरचे उष्णता आणि मिरचीचा तिखटपणा ओळखणारे मज्जातंतू या यंत्रणेशी जोडलेले आहेत, म्हणून कढत पाण्याने तात्पुरते बरे वाटते, असा तज्ज्ञांचा कयास आहे. मिरचीतल्या द्रव्याचे मलम पोटावर चोळूनही काही रुग्णांना आराम पडतो, तो याच वाटेने.

हा आजार प्रत्येक ओढणाऱ्याला होत नाही. पण ज्याला होतो त्याच्या शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. वर कढत आंघोळीने घाम जातो तो वेगळाच. आणि प्रत्येक उलटीमागे गांजा शोधू नये, हेही सांगतो. कावीळ, अपेंडिक्स, मधुमेह, डोक्यातला दाब, बायकांमध्ये गर्भारपण, हे आधी बघावेच लागते.

पण मला खरा धक्का बसला तो त्याच्या पुढच्या बोलण्याने. "बाजारातला माल भेसळीचा असतो म्हणून मी घरीच लावलाय," असे तो म्हणाला. भाड्याच्या खोलीतले लाकडी कपाट, आत चंदेरी कागद, एक दिवा, एक छोटा पंखा, चार बादल्या. मेसच्या पैशांतून वाचवून आठ-नऊ हजारांत सगळे जमवले होते. परदेशातल्या चित्रफिती बघून शिकला. एवढी चिकाटी पोराने अभ्यासात दाखवली असती तर, असे मनात आले, बोललो नाही.

घरचे म्हणजे शुद्ध, ही आपल्याकडची जुनीच समजूत. घरचे तूप, घरचे तिखट, तसा घरचा गांजा! पण बंद कपाटात दमट हवा आणि झाडे कोंडली की बुरशी येणारच. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी अशा मालात सापडते. निरोगी माणसाला खोकला किंवा दम्यासारखा त्रास होईल; प्रतिकारशक्ती कमी असलेल्याच्या फुप्फुसात ती घर करते. अस्थिमज्जारोपण झालेला एक रुग्ण बुरशी लागलेला गांजा ओढून दगावल्याची नोंद १९८८ साली वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. हा मुलगा त्याच खोलीत झोपत होता. रात्रीच्या खोकल्याला तो 'शहरातले प्रदूषण' म्हणत असे.

शिवाय किडीसाठी फवारणी. भाजी आपण धुऊन, शिजवून खातो. फुलोरा कोणी धूत नाही. तो जाळून धूर सरळ छातीत घेतात. हे झाड मातीतले जड धातूही चांगलेच शोषून घेते. एका एक्स्टेन्शन बोर्डावर दिवा, पंखा, मोबाइल आणि जवळच पाण्याच्या बादल्या, हा प्रकार तर कोणत्याही वायरमनला विचारा.

आणि जोर? भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचा फुलोरा, चरस म्हणजे त्यावरचा चीक. झाड एकच, पण टीएचसीचे प्रमाण फार वेगळे. निवडक वाणांनी ते वाढतच गेले आहे. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात १९९५ च्या सुमारास सरासरी ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांवर गेले. म्हणजे 'आमच्या वेळी साधू ओढायचे, त्यांना काही झाले नाही' हा हिशेब आता लागू नाही. कोवळ्या वयात तर नाहीच, कारण मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या सुमारे ४५ हजार तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला होता. अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून अधिक वेळा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळले. १९८७ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

त्या चित्रफिती कॅनडा-जर्मनीच्या. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडे चालतात, जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढाला तीन. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने विनापरवाना लागवड हाच गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. 'फक्त चारच झाडे' ही सबब त्यात नाही. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला आला तर कलम ६४ अ खाली सेवन आणि अल्प प्रमाण बाळगण्याच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण आहे, पण ते लागवडीला लागू होत नाही. त्या झाडांचे पुढे काय, हे वडिलांनी वकिलांना विचारले. तो माझा प्रांत नव्हे.

माझा प्रांत उपचाराचा. याला खास औषध नाही. सलाईनने पाणी भरून काढायचे आणि गांजा पूर्ण बंद. कमी करून चालत नाही. बंद केल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप उडणे, भूक जाणे, घाम येणे सुरू होते, पहिल्या आठवड्यात ते सर्वांत जास्त असते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते. या काळात घरच्यांना वाटते पोरगा बिघडला. तेव्हाच तो सुधारत असतो. वडिलांनी हात उगारला होता, मी त्यांना म्हटले, "मारायचेच तर तीन आठवड्यांनी मारा." तीन आठवड्यांनी त्यांना गरज वाटली नाही. ज्यांना घरी जमत नाही त्यांच्यासाठी १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे, मानसिक त्रासासाठी १४४१६. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे.

एक सूचना. टीएचसी चरबीत साठते. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते बंद केल्यावरही काही आठवडे सापडू शकते. तेव्हा दहा दिवसांनी तपासणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणून मुलाला खोटारडा ठरवू नका.

दिवाळीनंतर तो आला. सात किलो वजन वाढले होते. आंघोळ एकदाच, तीही कोमट, असे आईने सांगितले आणि विजेच्या बिलाचा आकडाही सांगितला. जाता जाता तो हळूच म्हणाला, "काका, होळीला थंडाई घेतली तर चालेल ना?"

बदाम-बडीशेपेची दोन पेले घे म्हटले. भांगेची एक घोटही नाही. पोटातून गेलेल्या भांगेचा अंमल चढायला अर्धा ते दोन तास लागतात, तोवर माणूस 'काहीच होत नाही' म्हणत आणखी पितो. आणि पान असो की फुलोरा, आतले द्रव्य तेच.